पॅन्क्रियाटायटिसच्या प्रत्येक रुग्णाला पॅन्टोप्रॅझोल, ते नेमकं कशासाठी?

वॉर्ड_राउंड

अक्यूट पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक दाह झालेला, रुग्ण दाखल झाला की ट्रीटमेंट शीटवर तीन ओळी हमखास असतात. तोंडाने काही द्यायचं नाही, आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन, आणि जठरातलं आम्ल कमी करणारं इंजेक्शन पॅन्टोप्रॅझोल ४० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या ओळीचं कारण विचारलं तर कुणी म्हणतं, ॲसिड कमी झालं की स्वादुपिंडाला विश्रांती मिळते. कुणी म्हणतं, स्ट्रेस अल्सर, म्हणजे गंभीर आजारपणात जठराला पडणारा व्रण, होऊ नये म्हणून. दोन्ही कारणं अगदी वेगळी आहेत आणि एकाच रुग्णाला दोन्ही लागू पडतीलच असं नाही.

समजा पंचेचाळिशीतला पुरुष आहे, ७० किलो वजन, दारूचा इतिहास. बेंबीच्या वरून पाठीत जाणारी कळ, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मलच्या तिपटीहून जास्त. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि ऑक्सिजन व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्यात आणि तो जेवायला मागतोय. याला पॅन्टोप्रॅझोल हवं का? हाच रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला तर उत्तर बदलतं का? आणि डिस्चार्ज कार्डावर महिनाभराच्या गोळ्या लिहिल्या जातात, त्यांचं काय? "सगळीकडे देतात" याच्या पलीकडचं कारण हवं आहे.

पोटविकार

तुमच्या या रुग्णाला पॅन्क्रियाटायटिससाठी म्हणून त्याची गरज नाही.

विश्रांतीची कल्पना कुठून आली ते आधी पाहू. ती पूर्ण चुकीची नाही, अर्धवट आहे. जठरातलं आम्ल ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) उतरतं, तिथला पीएच साधारण ४.५ च्या खाली गेला की आतड्याच्या अस्तरातल्या एस पेशी सिक्रेटिन सोडतात. सिक्रेटिनमुळे स्वादुपिंडाच्या नलिकांमधून बायकार्बोनेटयुक्त पाणी सुटतं आणि ते आम्ल मारतं. म्हणजे आम्ल दाबलं तर सिक्रेटिन कमी आणि हे पाणीही कमी. इथवर शरीरशास्त्राचं पुस्तक बरोबर आहे. पण त्रास पाण्याचा नाही, एन्झाइमचा आहे. एन्झाइम बनवतात असिनर पेशी. त्यांना चालना मिळते मुख्यतः सीसीके या संप्रेरकाकडून आणि व्हेगस नर्व्हकडून, आणि सीसीके सुटतं ते खाण्यातल्या चरबीमुळे आणि प्रथिनांमुळे. ही वाट पॅन्टोप्रॅझोलने अडत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ. ट्रिप्सिनोजेन या सुप्त एन्झाइमचं क्रियाशील ट्रिप्सिन आतड्यात पोचल्यावर व्हायला हवं. या आजारात ते असिनर पेशीच्या पोटातच होतं आणि पेशी स्वतःलाच पचवायला लागते. पुढे जे घडतं तो सगळा दाहाचा खेळ असतो: रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी पोटात आणि पाठीमागच्या जागेत झिरपतं, रक्त घट्ट होतं. रुग्ण पोट दाबून कॅज्युअल्टीत येतो तेव्हा हे सुरू होऊन कित्येक तास झालेले असतात. स्रवण कमी करणं हा त्या वेळचा इलाजच राहत नाही.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. स्वादुपिंड शांत ठेवण्यासाठी नाकातून नळी घालून जठर रिकामं ठेवून पाहिलं, ग्लुकागॉन दिलं, ॲट्रोपिन दिलं, सिमेटिडिन दिलं, ऑक्ट्रिओटाइड दिलं. यातल्या एकानेही रुग्ण लवकर बरा झाला किंवा मृत्यू टळले असं भरवशाने दिसलं नाही. सिमेटिडिन हे तर आम्ल कमी करणारंच औषध, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं. पॅन्टोप्रॅझोलचा दाह कमी करणारा परिणाम उंदरांवरच्या प्रयोगांत दिसला आहे, पण माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांतून आजाराची दिशा बदलते असं सिद्ध झालेलं नाही. २०१३ ची आयएपी-एपीए, २०१८ ची एजीए आणि २०२४ ची एसीजी, तज्ज्ञ संघटनांच्या या तिन्ही मार्गदर्शक सूचनांत पॅन्क्रियाटायटिसचा नेहमीचा उपचार म्हणून पीपीआय (पॅन्टोप्रॅझोलच्या गटातलं औषध) सुचवलेलं नाही.

सौम्य रुग्णालाही देण्यासारखी कारणं असतात, पण ती त्या माणसाची असतात, स्वादुपिंडाची नसतात. आधीपासून अन्ननलिकेचा दाह किंवा अल्सर आहे, ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल चालू आहे, किंवा मागे कधी जठरातून रक्तस्राव झालेला आहे. अशा वेळी जरूर द्या आणि शीटवर औषधासमोर कारण लिहा. क्लोपिडोग्रेल असेल तर ओमेप्रॅझोलऐवजी पॅन्टोप्रॅझोल बरं, कारण क्लोपिडोग्रेलला क्रियाशील करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला ओमेप्रॅझोल जास्त अडवतं.

तालुका_फिजिशियन

सर, तत्त्व पटलं. पण ४० मिग्रॅच्या दोन-तीन इंजेक्शनांनी बिघडतं तरी काय? रुग्णाला जळजळ असते, उलट्यांनी घसा सोललेला असतो. नातेवाइकांनाही काहीतरी चालू आहे असं वाटतं. स्वस्त आहे, सुरक्षित आहे.

पोटविकार

दोन-तीन दिवसांच्या इंजेक्शनने बहुतेकांचं काही बिघडत नाही, हे मान्य. खरोखर जळजळ असेल तर ते कारणच आहे, "छातीत जळजळ, ३ दिवस" असं लिहून द्या.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, औषध तीन दिवसांवर थांबत नाही. वॉर्डातून घरी जातं, मेडिकलमधून पुन्हा पुन्हा घेतलं जातं आणि वर्षभर चालतं. जठरातलं आम्ल जंतूंसाठी पहारेकरी असतं. तो कायमचा हटवला की लहान आतड्यात जंतूंची वाढ होते, अँटिबायोटिक चालू असेल तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा जुलाब होण्याचा धोका वाढतो. नेक्रोसिस (स्वादुपिंडाचा भाग मरणं) असलेल्या रुग्णात आतड्यातले जंतू मेलेल्या ऊतीपर्यंत पोचण्याचीच भीती असते, म्हणून तिथे विनाकारण आम्ल दाबून ठेवायला मन धजत नाही. महिनोन्महिने घेतलं तर मॅग्नेशियम उतरतं. दारू पिणाऱ्याचं ते आधीच कमी असतं. मग पुढचा अटॅक आला की कॅल्शियम खाली, कॅल्शियम ग्लुकोनेट देऊनही वर येत नाही, कारण मॅग्नेशियमशिवाय पॅराथायरॉइड संप्रेरक नीट सुटत नाही. अशा रुग्णात कॅल्शियमच्या तिसऱ्या ॲम्प्यूलआधी मॅग्नेशियम तपासा.

दुसरं बिघडतं ते लक्ष. पहिल्या २४ तासांत या रुग्णाचं भलं करणारी गोष्ट सलाईनची गती आहे, आणि ती शीटवर बहुधा "आरएल चालू" एवढीच लिहिलेली असते. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत जोरात सलाईन देण्याची तुलना मध्यम गतीशी केली. मध्यम म्हणजे शरीरात पाणी कमी असेल तरच किलोला १० मिलीचा बोलस (सुरुवातीचा मोठा डोस) दोन तासांत, पुढे किलोला ताशी १.५ मिली. जोरातल्या गटात किलोला २० मिली बोलस आणि पुढे ताशी ३ मिली. जोरातल्या गटात २०.५ टक्के रुग्णांत अंगात पाणी साचलं, मध्यम गटात ६.३ टक्के. फायदा काहीच दिसेना, म्हणून २४९ रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली.

तुमच्या ७० किलोच्या रुग्णाला ताशी १.५ मिलीने १०५ मिली होतात. २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ३५ थेंब. हा आकडा शीटवर लिहा आणि १२, २४, ४८ तासांनी लघवी, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट आहे ते), युरिया पाहून बदला. लघवी ताशी किलोला अर्धा मिलीच्या वर हवी. छातीत खालच्या बाजूला क्रेप्स (फुप्फुसात पाणी साचल्याचे आवाज) ऐकू आले, श्वास वाढला, तर गती कमी. पॅन्टोप्रॅझोल दिलं की नाही यापेक्षा हे ३५ थेंब रात्री दोन वाजता खरंच ३५ पडताहेत का, यावर रुग्णाचं जास्त अवलंबून असतं.

आणि दुखणं. नातेवाइकांना "काहीतरी चालू" दिसायला हवं असेल तर वेदनाशामक वेळेवर द्या. पॅरासिटामॉल १ ग्रॅम (यकृत खराब असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत), ट्रामाडॉल सावकाश शिरेतून, नाही भागलं तर फेंटानिल. डायक्लोफिनॅक मात्र किडनीची खात्री होईपर्यंत आणि अंगात पाणी पुरेसं होईपर्यंत नको.

आयसीयू_रात्रपाळी

व्हेंटिलेटरच्या प्रश्नावर. तिथे उत्तर बदलतं, आणि त्याचं कारण स्वादुपिंड नसून आजारपणाची तीव्रता असते. पॅन्क्रियाटायटिस असो, न्यूमोनिया असो, नियम तोच.

जुने आणि अजून टिकलेले दोन निकष म्हणजे ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटर आणि रक्त गोठण्यातला बिघाड, म्हणजे प्लेटलेट ५०,००० च्या खाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर. शॉकमध्ये प्रेसर (रक्तदाब टिकवणारं औषध) चालू असेल तरी बहुतेक ठिकाणी देतात, आणि तेही योग्यच. २०१८ च्या सप-आयसीयू चाचणीत अतिदक्षता विभागातल्या धोक्याच्या रुग्णांना पॅन्टोप्रॅझोल ४० मिग्रॅ दिवसातून एकदा किंवा प्लासेबो दिलं. मृत्यू सारखेच, ३१.१ आणि ३०.४ टक्के. लक्षणीय रक्तस्राव मात्र ४.२ वरून २.५ टक्क्यांवर आला. २०२४ च्या रिवाइज चाचणीत ४,८२१ व्हेंटिलेटरवरचे रुग्ण होते, तिथे रक्तस्राव ३.५ वरून १ टक्क्यावर उतरला, ९० दिवसांतल्या मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. म्हणजे रक्तस्राव टाळण्यासाठी उपयोग खरा, जीव वाचवण्याचा दावा करू नये.

दोन्ही चाचण्यांत डोस दिवसातून एकदाच होता. आपल्याकडचं सकाळ-संध्याकाळ हे प्रतिबंधासाठी लागत नाही. औषध रक्तात तासाभरात निम्मं होतं म्हणून दोनदा द्यावंसं वाटतं, पण ते आम्लाच्या पंपाला कायमचं चिकटतं. नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो.

श्वासाची ट्यूब निघाली, प्रेसर सुटले, नळीने किंवा तोंडाने अन्न सुरळीत जायला लागलं की त्याच राउंडला औषध काटा. आयसीयूतून वॉर्डात जाणाऱ्या ट्रान्सफर नोटमध्ये पॅन्टोप्रॅझोल नुसतं पुढे उतरवलं जातं, तिथूनच महिनाभराच्या गोळ्यांची साखळी सुरू होते. सुरू करतानाच लिहायची पद्धत ठेवा: "व्हेंटिलेटर आहे तोवर". वॉर्डातल्या डॉक्टरांना मग विचारायला कुणी लागत नाही.

औषधपेटी

देण्याच्या पद्धतीबद्दल, कारण चुका इथे रोज होतात.

पॅन्टोप्रॅझोलच्या वायलमध्ये कोरडी पावडर असते. ती १० मिली नॉर्मल सलाईनमध्ये विरघळवा आणि किमान दोन मिनिटं घेऊन शिरेतून द्या. नाहीतर विरघळवलेलं १०० मिली सलाईनमध्ये मिसळून १५ मिनिटांत. मिडाझोलामच्या लाइनमधून एकत्र देऊ नये, मिश्रण जमत नाही. लाइन आधी आणि नंतर सलाईनने धुवा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात सिडेशनची लाइन आणि पॅन्टोप्रॅझोलची लाइन बऱ्याचदा एकच असते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

रुग्ण नळीवर असेल तर पॅन्टोप्रॅझोलची गोळी कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून) देऊ नका. त्या गोळीवर आम्लात न विरघळणारं वेष्टण असतं. कुटलं की वेष्टण गेलं, औषध जठरातल्या आम्लातच नासतं आणि तुकड्यांनी नळी बंद पडते ती वेगळी. नळीसाठी एसोमेप्रॅझोलच्या दाण्यांचं पाकीट घ्या, १५ मिली पाण्यात मिसळा, दोन-तीन मिनिटं घट्ट होऊ द्या, हलवून अर्ध्या तासाच्या आत द्या आणि वरून तेवढंच पाणी.

पॅन्टोप्रॅझोल आणि डोम्परिडोनची एकत्र कॅप्सूल डिस्चार्जला सर्रास लिहिली जाते. डोम्परिडोन या उलटीवरच्या औषधामुळे ईसीजीवरचा क्यूटी हा कालावधी लांबतो, उलटीवरच्याच ऑन्डान्सेट्रॉननेही लांबतो, आणि उलट्या करून आलेल्या या रुग्णाचं पोटॅशियम, मॅग्नेशियम आधीच खाली असतं. तिन्ही एकत्र आले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उलटीवर औषध लागत असेल तर एकच निवडा आणि आधी ईसीजी व पोटॅशियम पाहा.

वॉर्ड_राउंड

सगळ्यांचे आभार, ३५ थेंबांचा हिशोब आजच सगळ्यांना दाखवला. एक शंका राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णाला काळी शी झाली किंवा हिमोग्लोबिन उतरलं तर? तेव्हा तरी पहिल्या दिवसापासून पॅन्टोप्रॅझोल द्यायला हवं होतं असं म्हणावं लागेल का?

शल्यगृह

याच प्रश्नाची वाट पाहत होतो, कारण इथे चुकीचा दिलासा जीवावर बेततो.

अल्सर असू शकतो. स्कोपी करा, तोवर पॅन्टोप्रॅझोल ८० मिग्रॅ बोलस द्यायला हरकत नाही. पण पॅन्क्रियाटायटिसच्या दुसऱ्या आठवड्यानंतर रक्त दिसलं तर मनात पहिलं नाव स्यूडोॲन्युरिझमचं, म्हणजे धमनीच्या खराब झालेल्या भिंतीवरच्या फुग्याचं, यायला हवं. एन्झाइमने जवळच्या धमनीची भिंत खाल्लेली असते, बहुतेकदा प्लीहेच्या धमनीची, कधी गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीची. फुगा सिस्टमध्ये किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत फुटतो. आधी थोडंसं रक्त जातं, थांबतं, सगळे निश्चिंत होतात, आणि काही तासांत किंवा दिवसांत मोठा स्राव होतो. त्या पहिल्या थोड्या रक्ताला "ॲसिडिटीमुळे असेल" म्हणून पॅन्टोप्रॅझोल वाढवून सोडून देणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर सीटी अँजिओग्राफी त्याच दिवशी. फुगा दिसला की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडून कॉइल घालून तो बंद करून घ्या. पोटात घातलेल्या ड्रेनच्या नळीत लाल रंग आला तरी हेच.

दुसरी शक्यता प्लीहेची शीर गोठण्याची. दाह त्या शिरेला अगदी लागून असतो. शीर बंद झाली की जठराच्या वरच्या भागात फुगलेल्या शिरा तयार होतात आणि त्यांतून रक्त येतं. यकृत ठणठणीत आणि तरीही जठरात व्हेरायसेस दिसले तर प्लीहेची शीर पाहा. या दोन्हींत आम्लाचा संबंध नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पीपीआय दिलं असतं तरी ते टळलं नसतं.

आणि उलट बाजू. ॲसिडिटी समजून घरी दोन दिवस गोळ्या घेऊन आलेल्या प्रत्येक पोटदुखीला लायपेज पाठवा, पण अमायलेज वाढलं म्हणजे पॅन्क्रियाटायटिसच असं धरू नका. जठराला छिद्र पडलं तरी अमायलेज वाढतं. उभ्याने छातीचा एक्स-रे काढून डायफ्रामखाली हवा आहे का ते बघा. चाळिशीच्या पुढच्या माणसाला ईसीजी आधी, खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक अगदी असाच दुखतो.

आहारतज्ज्ञ_सातारा

ॲसिड वाढेल म्हणून उपाशी ठेवणं हेही या औषधाच्याच विचारातून आलेलं आहे, म्हणून लिहिते. सौम्य आजारात उलट्या थांबल्या आणि भूक लागली की २४ तासांच्या आतसुद्धा तोंडाने सुरू करता येतं. लायपेज नॉर्मल होण्याची वाट पाहू नये. आधी पाणी, मग ज्यूस, मग पेज अशी शिडीही लागत नाही, मऊ आणि कमी चरबीचं जेवण थेट चालतं.

मऊ भात, बिनफोडणीचं मुगाचं वरण, इडली, उकडलेला बटाटा, साय काढलेल्या दह्याचं ताक. दिवसभरातली चरबी ३० ग्रॅमच्या आसपास. घरून डबा येतो तिथे घोटाळा होतो. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी येते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात १५ ग्रॅमच्या जवळपास चरबी असते, वर तूप. ॲसिडिटीवर थंड दूध चांगलं म्हणून फुल क्रीम दुधाचा मोठा ग्लास दिला जातो, त्या २०० मिलीत १२ ग्रॅम गेले. दोन्ही मिळून दिवसाचा कोटा संपला, आणि संध्याकाळी दुखलं की पुन्हा पॅन्टोप्रॅझोल मागितलं जातं. जेवल्यावर दुखणं वाढलं तर एक जेवण थांबा, डब्यात काय होतं ते विचारा, पुढच्या वेळी कमी द्या.

पोटविकार

मॅडमनी दुधाचं फार नेमकं सांगितलं.

एक राहिलं. आम्ल दाबण्याला स्वादुपिंडाच्या आजारात खरी जागा आहे, ती महिने-वर्षं उलटल्यावर. मोठा नेक्रोसिस झालेल्या किंवा क्रॉनिक झालेल्या रुग्णाचं स्वादुपिंड पुरेसं बायकार्बोनेट सोडत नाही, ड्युओडेनम आंबट राहतो. आपण एन्झाइमच्या कॅप्सूल देतो, त्यांतले दाणे पीएच ५.५ च्या वरच फुटतात, आणि उघडं लायपेज पीएच ४ च्या खाली कायमचं निकामी होतं. तेव्हा कॅप्सूल घेऊनही शी चिकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी राहिली तर आधी डोस बघा, मुख्य जेवणाला ४० ते ५० हजार युनिट लायपेज आहे का. मग वेळ बघा. सगळ्या कॅप्सूल जेवणाआधी गिळून चालत नाही, काही पहिल्या घासाबरोबर आणि उरलेल्या जेवता जेवता. हे दोन्ही बरोबर असूनही सुधारणा नसेल तर पॅन्टोप्रॅझोल ४० मिग्रॅ सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी जोडा. चार आठवड्यांनी वजन आणि शी पाहा. फरक पडला तर चालू ठेवा, नाही पडला तर बंद करा.